तोडलेलं पाणी

"बाटलीले भोक पडलं म्हनून वरून पानी टाकाचं बंद केलं, तं बाटली भरंन का आटंन? सांगा बरं आजी." असं विचारून त्या आशावाल्या बाईनं प्लास्टिकची बाटली तुळसाबाईच्या नाकासमोर धरली. बाटलीच्या बुडाशी तिनं घरूनच भोक पाडून आणलं होतं. पाण्याची बारीक धार फरशीवर पडत होती, बाटलीतलं पाणी उतरत होतं, आणि दोन बोटं उरलं तेव्हा बाई म्हणाली, "हे पाहा. हगवनीत लेकरू असंच आटते. हगवनीनं नाई जात, आटून जाते." मग तिनं बाटली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि पिशवीतून मीठ-साखरेची पुडी काढली. एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, काही पडलं नाही, फुटलं नाही. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा चालू होता तो चालूच राहिला. फक्त फरशीवरचं ते पाणी वाहत वाहत खाटेपर्यंत आलं, तुळसाबाईच्या अंगठ्याला लागलं, आणि विस्तवावर पडावा तसा तिनं पाय वर ओढून घेतला.

तशी ती कोणाच्या बोलण्यानं पाय ओढून घेणारी बाई नव्हे. केनवडात पन्नास वर्षं लेकरांच्या बाबतीत तिचा शब्द चालला. मूल किरकिर करो, दात येवोत, टाळू न भरो, पोट फुगो, बाया आधी जगदेवच्या घराकडे निघत आणि मग दवाखान्याकडे. सहाणेवर मुरडशेंगेचे किती वळसे, वेखंडाचे किती, जायफळ कधी द्यायचं आणि कधी हातही लावायचा नाही, हे सगळं तिच्या बोटांत होतं. शाळा तिसरीत सुटली. सही येते, बसची पाटी वाचता येते, त्यापलीकडे अक्षराशी तिचं भांडणही नाही आणि सोयरिकही नाही. "पुस्तकं वाचून लेकरं वाढत असती," ती म्हणायची, "तं मास्तराच्या घरी पैलवान निपजले असते." बाया हसत, आणि हसत हसत ऐकत. नवरा जगदेव गेल्यावर लेक रवी तिला वाशिमला घेऊन आला. पुसद नाक्यामागची ही कॉलनी, दोन खोल्या, वर टाकी, खाली नळ. रवी लाइनमन, दिवसभर कुठल्या तरी खांबावर. सून वैष्णवी बारावी शिकलेली, तोंडाची गरीब. इथल्या बायाही हळूहळू विचारायला येऊ लागल्या होत्या. शहर झालं म्हणून पोट काही वेगळ्या जागी नसतं.

काल दुपारी अकरा महिन्यांच्या नातवाला, मुन्नाला, हगवण लागली, तेव्हा तिनं जे पन्नास वर्षं सांगितलं तेच सांगितलं. "पानी तोड. वरून घालशीन तेवढं खालून जाईन. आतडं सुकू दे, आपोआप बंद होते." वैष्णवी म्हणाली, "आई, ओठ सुकून राह्यले त्याचे." त्यावर ती म्हणाली, "सुकू दे. म्या किती लेकरं पाह्यले, तुले मोजता येनार नाई." वैष्णवी गप्प बसली. तिचं गप्प बसणं तुळसाबाईला आवडायचं. त्यात तिला आपली किंमत दिसायची. आज सकाळपासून सात वेळा झालं. पोरगं आधी चिडचिड करत होतं, मग नुसतं पडून. आणि ही गरीब तोंडाची सून धुण्याच्या निमित्तानं मागच्या नळावर गेली आणि तिथून या आशाबाईला फोन करून बोलावून बसली. दाराशी चपला वाजल्या तेव्हाच तुळसाबाईला कळलं. घरात आपल्या शब्दाला पहिल्यांदा भोक पडलं होतं.

म्हणून तिनं आल्या आल्या त्या बाईला विचारलं होतं, "कोनाची व तू? आडनाव काय?" बाईनं आडनाव सांगितलं. सांगताना ती जरा हसली, कारण हा प्रश्न तिला रोज दहा घरी विचारला जात असावा. आडनावावरून तुळसाबाईला जे कळायचं ते कळलं. "बसा," ती म्हणाली, आणि बसायला काय द्यायचं ते मुद्दाम सांगितलं नाही. बाई तशीच खाली फरशीवर बसली. मुन्नाचा सदरा वर करून तिनं पोटाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि सोडली.

कातडी लगेच बसली नाही. पिठाला चिमटा घ्यावा तशी क्षणभर वर राहिली, मग सावकाश उतरली.

तुळसाबाईनं मान फिरवली. फिरवलेल्या मानेसमोर भिंत होती, भिंतीवर रवीच्या लग्नातला फोटो होता, आणि फोटोत काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं दुसरंच एक पोट. चौदा महिन्यांचं, पोरीचं, नाभीजवळ तीट लावलेलं. त्या पोटाची कातडी तिनंही अशीच चिमटीत धरली होती, अंगात किती मांस उरलं ते पाहायला, आणि सोडल्यावर ती तशीच उभी राहिली होती. उतरलीच नाही. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिला वाटलं, नजर. घरात मीठ-मोहऱ्या होत्या, लाल मिरच्या होत्या. तिनं उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही तेव्हा तिला हायसं वाटलं की आपण बरोबर ओळखलं. नजरच. ओळखल्याचा तो आनंद, एवढासा, सुईच्या टोकाएवढा, तिला आजही आठवला. पोरगी जात होती आणि आईला आनंद झाला होता, आपलं बरोबर निघालं म्हणून.

"घाबरू नका वैष्णवीताई," आशाबाई म्हणत होती, "डोळे थोडे खोल गेले, पन आजून वेळ हाय. एक लिटर पानी द्या, उकळून गार केलेलं असंन तं चांगलं. मापाचं भांडं हाय का?" वैष्णवी स्वयंपाकघरात खुडबुड करू लागली. मापाचं भांडं सापडेना. मग तिनं देव्हाऱ्याजवळून तुळसाबाईचा पितळी तांब्या उचलला, माहेराहून आलेला, बरोबर लिटरभर मावेल असा. तुळसाबाई म्हणणार होती, ठेव तो. तोंड उघडलंही. पण तोवर तांब्या भरलाही होता, आणि आशाबाईनं त्यात पुडी फोडून टाकली, चमच्यानं ढवळली आणि म्हणाली, "आजी, घरी पुडी नसली तरी अडत नाई. एक लिटर पान्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट चमचे, शीग नाई. अन् पाजाच्या आधी चाखाचं. आसवापेक्षा खारट लागलं तं फेकून द्याचं."

आसवापेक्षा. तुळसाबाईला आसवाची चव आठवेना. लिला, ती चौदा महिन्यांची पोरगी, गेली त्या दिवशी तुळसाबाई रडली नव्हती. बाया म्हणाल्या, घट्ट काळजाची बाई आहे. मग तेच तिला पुढं आयुष्यभर अंगावर घालावं लागलं, लुगड्यासारखं.

चैताचे दिवस होते. लिला नुकती भिंतीला धरून उभी राहू लागली होती. तीन दिवस हगवण. दुसऱ्या दिवसापासून पाणी तोडलेलं. ते तिला कोणी सांगितलं होतं? सासू तर लग्नाआधीच वारलेली. तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. एवढ्या बाया एकीमागे एक उभ्या होत्या, कोण खोटं बोलेल? ओसरीत तिवईवर माठ होता. माठ ठिबकायचा, खाली मातीत ओला गोल पडायचा. दुपारी ती भाकरी थापत होती, आणि मागं वळून पाहिलं तर पोरगी रांगत तिथं पोचलेली. ओल्या मातीला जीभ लावून चाटत होती. तोंड काळं झालेलं, डोळे आईकडे. रडत नव्हती. रडायला पाणी लागतं हे आता या बाटलीवाल्या बाईच्या बोलण्यावरून कळतंय. तुळसाबाईनं तिला उचललं, हातावर एक चापट दिली, माठ तिवईसकट खोलीत नेऊन ठेवला, आणि मागं उरलेल्या त्या ओल्या गोलावर चुलीतली राख आणून टाकली. नीट पसरली. हातानं दाबली. जागा कोरडी झाली.

राख. एकावन्न वर्षांत तिनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही. सांगितली ती अशी: नजर लागली, तीन दिवसांत उचलून नेली.

त्याच दिवशी लखमा आली होती. बौद्धवाड्यातली, त्यांच्याच वावरात निंदायला येणारी. पायरीच्या खाली उभी राहून तिनं डोकावून पाहिलं. "बाई, पोरीचं तोंड कोरडं ठाक पडलं. पेज पाजा. माह्या बारक्याले असंच झालं व्हतं, घोट घोट पाजली तं वाचला." आणि तिनं पदराखालून जर्मनचा गंज काढला, झाकण लावलेलं पातेलं. तांदळाची पातळ पेज, मीठ घातलेली, कोमट. ती वाफ तुळसाबाईच्या नाकाला लागली होती. खोलीत पोरगी कण्हली. तुळसाबाई म्हणाली, "तुह्या घरची पेज माह्या पोरीले? इतके वाईट दिवस आले का व आमच्यावर?" लखमा गंज पायरीवर ठेवून गेली. तुळसाबाईनं पायानंच तो कलंडवला. अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या आणि माना वर करकरून, एकेक थेंब घशाखाली उतरवत, सगळी पेज प्यायल्या. कोंबड्या पाणी पिताना आभाळाकडे पाहतात. त्यानंतर तिनं कधी कोंबडीला पाणी पिताना पाहिलं नाही; पाठ फिरवायची. का फिरवते ते तिनं विचारलं नाही. बाईमाणसाला इतकं विचारायला वेळ नसतो.

"आजी," आशाबाई उठून उभी राहिली होती, "मी बाजूच्या दोन घरी जाऊन तासाभरानं परत येतो. तोवर चमच्या चमच्यानं पाजा. उलटी झाली तं दहा मिनटं थांबा, मंग पुन्हा चालू. अंगावरचं दूध बंद नाई कराचं. ह्या झिंकच्या गोळ्या, रोज एक, चौदा दिवस, हगवन थांबली तरी. अन् चार घंट्यात लघवी झाली नाई, का लेकरू उठलं नाई, तं सीधं सरकारी दवाखान्यात. ऑटो मी करून देतो." दारात जाऊन ती वळली. "तुमी रागावल्या का आजी? आमचं कामच हाय हे."

"रागवाले तू माही कोन हाय व," तुळसाबाई म्हणाली. नेहमीचं बोलणं. बाई नेहमीसारखी हसली आणि गेली.

वैष्णवीनं चार-पाच चमचे पाजले. मग तिला दूध उतरलं म्हणून तिनं पोराला पाजायला घेतलं, पण पोरानं दोनदा ओढून सोडून दिलं. "आई, मी ह्यायले फोन लावतो, गाडी घेऊन या म्हनतो. खालचे कपडेही बदलाचे हायत. तुमी..." ती अडखळली. काल दुपारपासून लेकरू आणि पाणी यांच्यामध्ये ही सासू उभी होती. आता वैष्णवीला तिच्याच हातात चमचा द्यायचा होता. "तुमी पाजसान का?"

त्या 'का'मध्ये काय होतं ते तुळसाबाईनं ऐकलं. भीती होती. सून सासूला भिते तशी नव्हे. लेकराची आई परक्या हाताला भिते तशी. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या डोळ्यांत जो मान पाहिला तो पाहून पाहून तिला सवय झाली होती, आणि आता पहिल्यांदा कोणी तिच्याकडे ती जे होती ते म्हणून पाहत होतं.

"दे," ती म्हणाली.

पोरगं मांडीवर आलं. हलकं. हे वजन तिला माहीत होतं. मांडीला माहीत होतं. तिनं तांब्यातून चमचा भरला, आणि ओठाशी नेण्याआधी, त्या बाईनं सांगितलं होतं म्हणून की कशासाठी, आधी आपल्या जिभेवर थेंब घेतला. खारट. खाली जरासं गोड. मग चमचा मुन्नाच्या ओठांना लावला. त्यानं आधी काहीच केलं नाही. मग ओठ हलले. मग त्यानं चमचा हिरड्यांत धरला आणि सोडीना. तिनं ओढला तर त्याचं डोकं चमच्याबरोबर वर आलं. दुसरा चमचा. तिसरा. त्याचे डोळे उघडे होते आणि ते तांब्याकडे लागले होते, तिच्याकडे नाही. लिलाची जीभ मातीला लागली होती तसेच. तिच्या मनात आलं, हे एवढंच होतं. एवढंसं. चमचाभर. माठ चार हातांवर होता.

आणि जगदेवला ठाऊक होतं. हेही आताच, सातव्या की आठव्या चमच्याला, तिच्या ध्यानात आलं. लिला गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं निंबाखाली रांजण पुरला होता. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी. स्वतः भरायचा, रोज, विहिरीच्या बारा खेपा, गडी असताना. पायरीखालच्या लोकांनाही त्याच रांजणातलं, त्याच ओगराळ्यानं. त्यावरून गावात कुजबुज झाली तरी. ती म्हणायची, "पुन्य कमावाले निघाले मोठे." तो पुढच्या खेपेला निघायचा. हातपाय चालले तोवर, पस्तीस उन्हाळे, त्यानं तो रांजण भरला आणि एकदाही तोंडातून लिलाचं नाव काढलं नाही. ती समजत होती, पुरुषाची जात, विसरला. तिच्याच दारात, तिच्याच डोळ्यांसमोर, रोज बारा खेपा तो तिला सांगत होता, आणि ती त्याला भाकरी वाढत होती.

बरं, आपलं लेकरू आपल्या हातानं गेलं, ते एक गेलं. ते पोटातच गाडून टाकता येतं, जागा असते. पण त्यानंतर तिनं थांबायला नको होतं का? ती थांबली नाही. उलट त्यानंतरच तिनं सांगायला सुरुवात केली. ज्या वर्षी पोरगी गेली त्याच वर्षीपासून ती दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगणात जाऊन उभी राहू लागली. पाणी तोडा. पाणी तोडा. जितक्या बाया तोडतील तितकं ते बरोबर ठरत होतं. बरीचशी लेकरं वाचली. ती तिच्या नावावर. काही गेली, ती देवाच्या नावावर. आणि त्यांतलं एक घरातलंच होतं. धाकटी जाऊ देवला, तिचा इंद्रभान, पावणेदोन वर्षांचा, गोरा, कुरळ्या केसांचा. देवलानं रात्रीतून उठून त्याला पाणी पाजायला घेतलं होतं तर हिनं हातातून वाटी काढून घेतली होती. "मारतं का त्याले? म्या माही पोरगी घालवून शिकलो हे." असं म्हणाली होती. तोंडानं. माही पोरगी घालवून शिकलो. देवला आजही दिवाळीला वाकून पाया पडते आणि म्हणते, मोठ्या बाई, तुमी होत्या म्हणून तरी एवढं केलं, नाही तर मला काय कळत होतं.

खाटेवर ठेवलेला तिचा फोन वाजला. मोठी बटणं असलेला, रवीनं आणून दिलेला. तिनं डाव्या हातानं तो कानाला लावला. उजव्यात चमचा होता.

"मोठ्या बाई? मी देवला. रवीनं सांगतलं मुन्नाले हगवन लागली म्हनून. म्या म्हटलं, तुमी हाय ना तिथं, आमाले कायची चिंता." पलीकडे बकरी ओरडत होती, केनवडच्या अंगणातली. "पानी तं तोडलं असंनच तुमी. सुनेचं काई आयकू नका बरं, आजकालच्या पोट्ट्यायले दम निंघत नाई. म्याच त्या दिवशी दम नाई धरला थोडा, वाटीभर पाजलीच व्हती तुमी येन्याच्या आधी. म्हनून तं गेला माहा इंद्रभान. मले ठाऊक हाय ना बाई. म्या पाजली म्हनून गेला."

तुळसाबाई ऐकत राहिली. चाळीस-बेचाळीस वर्षं ही बाई हे उरावर घेऊन फिरत होती, आणि ते कोणाचं होतं? मुन्नानं रिकामा चमचा चोखून चोखून सोडला आणि हात लांब करून तांब्याच्या काठाला धरलं. तिच्या मांडीला काहीतरी ऊन लागलं, आधी थेंबभर, मग पसरत गेलेलं. लघवी. पोरगं मुतलं होतं. आतल्या खोलीतून वैष्णवीचा फोनवरचा आवाज येत होता, रवीला घाई करणारा. तिला हाक मारायला हवी होती. पोरगं वाचलं, ये, पाहा, अशी. पण फोनवर देवला थांबली होती. आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. मुन्ना बरा होईल, देवला म्हणेल, मोठ्या बाईंनी पाणी तोडलं म्हणून वाचला. इंद्रभान देवलाच्याच नावावर राहील. जसा आहे तसा.

"देवला," ती म्हणाली.

"हौ बाई."

"मी पाजून राह्यलो त्याले पानी. मीच. चमच्यानं."

पलीकडे बकरीही थांबली. तुळसाबाईनं फोन कानाला दाबून धरला, लुगड्याची ओल मांडीवर गार होत चालली तरी हलली नाही, आणि मग तो म्हातारा झालेला, कधीही वर न चढलेला आवाज आला.

"काहून, बाई?"